टायपिंग सेंटरमधली बारा पानं

प्रिंटर थांबेना. अस्मीच्या पासपोर्टची दोन पानं आणि जन्मदाखल्याचं एक, एवढंच यायला हवं होतं. चौथं पान निघालं आणि त्यावरचा मथळा सुहासिनीला काउंटरपलीकडूनही वाचता आला: ‘प्रौढ चित्रपट: नऊ वर्षांची समीक्षा’.

दुबईजवळच्या अजमानमधल्या या टायपिंग सेंटरला कागद व्हॉट्सॲपवर पाठवायचे, ते छापून घेऊन व्हिसाचा अर्ज भरून देतात. सकाळी पोरीच्या मागे दुधाचा पेला घेऊन धावता धावता तिने कागद पाठवले, त्यात संपादकांकडून आलेली तिच्याच लेखांची फाईलही गेली. या देशात असले अश्लील चित्रपट ही थेट पोलिसांची बाब. त्यांच्यावर लिहिणारी बाई म्हटल्यावर पुढचं कोण ऐकून घेणार? नवऱ्याची नोकरी, घर, अस्मीची शाळा, सगळं एका तक्रारीत जाईल. मराठीत तर आहे, इथे कोण वाचतंय, या भरवशावर तिने फाईल फोनमध्ये ठेवली होती.

पण टायपिस्ट खैरुद्दीनचे ओठ हलत होते.

“वाचता येतं तुम्हाला?”

“रत्नागिरीचा आहे ताई. सातवीपर्यंत मराठी शाळा.” त्याने आवाज खाली आणला. “‘बाई हसते तेव्हा कुणाकडे बघते ते पाहा. कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघत असेल, तर ती घाबरलेली आहे, आणि तो चित्रपट मी वाईट ठरवते.’ हे तुम्ही लिहिलंत?”

“पुण्यात असताना. आधी पैशासाठी, मग पटत गेलं. तिच्यावर जबरदस्ती होतेय का, हे कुणीतरी नीट बघून सांगायला हवं ना? इथे आल्यापासून एकही पाहिलेला नाही. पोरीची शपथ.”

“पोरीला नका मध्ये आणू. आधी मेसेज उडवा.”

“मम्मा, लेट्स गो,” म्हणत अस्मीने तिचा हात ओढला.

त्या हिसक्याने तिचं बोट ‘सगळ्यांसाठी डिलीट’ऐवजी ‘माझ्यासाठी डिलीट’वर पडलं. फाईल तिच्या फोनवरून गेली, सेंटरच्या फोनवर तशीच राहिली. आणि तो फोन हातात घेऊन मालक नूरुद्दीन केबिनमधून बाहेर येत होता.

“खैरू, इतना पेपर किसका? ये मराठी है ना? पढ़ के बता, क्या लिखा है.”

बाकावर नंबरची वाट बघत बसलेल्या, कंदुरा म्हणजे पायघोळ अरबी झगा घातलेल्या माणसानेही मान वर केली. सुहासिनीने अस्मीला जवळ ओढलं.

“बच्ची का मेडिकल है, सेठ. गलती से आ गया.”

“बीमार है?”

“आय ॲम नॉट सिक!” अस्मी ठणकावून म्हणाली.

नूरुद्दीनने अस्मीला निरखून पाहिलं.

“देखा? डॉक्टर का नाम लो, तो सब बच्चे चंगे,” खैरुद्दीन हसला. नूरुद्दीनही हसला. “खलास. डिलीट कर,” म्हणत त्याने फोन खैरुद्दीनपुढे टाकला.

खैरुद्दीनने फाईल उडवली आणि ती गेल्याचं तिला दाखवलं. बारा पानं तिच्याकडे सरकवली. “घरी नेऊ नका. इथंच फाडा.”

तिने ती फाडली, नखाएवढे तुकडे होईपर्यंत.

“व्हिसाचं मंगळवारपर्यंत कळेल, इन्शाल्ला. मी फोन करीन,” तो साधेपणाने म्हणाला. “नंबर आहेच तुमचा माझ्याकडे.”

सुहासिनीने मान डोलावली. आता याच्याकडे तिचा नंबरही होता आणि तिचं गुपितही. जिना उतरताना तिने अस्मीचं मनगट इतकं आवळलं होतं, की पोर रडायला लागली.