कच्चं जवस

गेले तीन दिवस मला एका जागी बसवत नव्हतं. जेवता जेवता उठायचो, बिडी पेटवायचो आणि ती हातातच विझायची. पिंपरीतल्या आमच्या कारखान्याची बोअर गढूळ झाली होती, आणि ती दुरुस्त करायला सगळ्यांच्या मते एकच माणूस लायक होता. तो म्हणजे मी, रंगराव, बर्माच्या तेलविहिरींवरचा मिस्त्री.

साफ खोटं. बर्मात अकरा वर्षं काढली हे खरं, पण मिस्त्री म्हणून नाही. मिस्त्र्यांचा आचारी म्हणून. बेचाळीस साली जीव मुठीत धरून परत आलो आणि नोकरी मागताना मिस्त्री असल्याचं ठोकून दिलं. पुढे मोशीच्या सासऱ्यांनाही तेच सांगितलं, बायकोला, कौशल्यालाही तेच. आता छप्पन साल उजाडलं होतं. पाणी सुधारलं नाही तर नोकरी, खोली आणि अब्रू एकदमच जाणार होती.

बोअरच्या आतला लोखंडी पाइप, म्हणजे केसिंग, चाळीस फुटांवर गंजून सडलं होतं, त्याला भोक पडलं होतं. तिथून नाल्याचं पाणी आत झिरपायचं. तेलविहिरींचंही हेच दुखणं, आणि त्यावरचा एक जुना इलाज मी पाहिला होता. आत दुसरा बारीक पाइप सोडायचा आणि त्याला भोकाच्या खाली येईल अशी जवसाची कातडी पिशवी बांधायची. भिजलं की जवस फुगतं, दोन पाइपांमधली फट गच्च बुजते, वरची घाण वरच राहते. ते जवस माझ्याच कोठीतून जायचं.

चांभाराकडून पिशवी शिवून आणली आणि कौशल्याला म्हणालो, "यात जवस भरून ठेव. कामावर लागतंय." जास्त बोललो असतो तर तिनं चार प्रश्न विचारले असते.

गुरुवारी पाइप सोडला. शनिवारी पंप चालू केला तर पाणी तसंच गढूळ. फोरमन लक्ष्मणरावांनी पाइप वर ओढायला लावला, पिशवी उसवली आणि मूठभर जवस नाकाशी धरलं.

"रंगराव, हे तर खमंग भाजलंय. मीठ-मिरची घातली की चटणी तयार."

सगळे हसले. लक्ष्मणराव मात्र हसले नाहीत. "सोमवारी दुसरी पिशवी सोडा. बुधवारीही असंच निघालं तर मला साहेबांना सांगावं लागेल."

मी तरातरा घरी आलो. कौशल्या धुणं वाळत घालत होती.

"जवस भाजायला कुणी सांगितलं होतं?"

"कच्चं जवस कोन वापरतं? आमच्यात समदी भाजूनच घेत्यात."

"भाजल्यावर फुगतं का ते? अकरा वर्षं मी स्वतः कोठीतून कच्चं काढून देत होतो, तीस माणसांचा स्वयंपाक सांभाळून."

तोंडातून निघून गेलं. ती हातातलं ओलं लुगडं तसंच धरून उभी राहिली.

"मंजी तुमी आचारी हुता," ती म्हणाली.

मी मान डोलावली. तिनं लुगडं दोरीवर टाकलं. रविवारी मोशीला जाऊन कच्चं जवस घेऊन आली, माझ्यासमोर बसून पिशवी भरली. मी दिवसभर आत-बाहेर करत होतो. ती भांडली असती तर परवडलं असतं.

बुधवारी पाणी आधी तांबूस आलं, मग निवळत गेलं. लक्ष्मणरावांनी पेला भरून घेतला आणि पिऊन टाकला. "मानलं बुवा तुम्हाला," ते म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण घरी जायची भीती वाटत होती.

कौशल्या भाकरी थापत होती.

"निगालं पानी चांगलं?"

"निघालं. मोशीत कुणाला काही बोललीस?"

"न्हाई. आचारी हुता त्याचं मला काय न्हाई." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पर गेल्या साली हिवतापानं मी थडथडत हुते. भिताडाला टेकून भाकरी थापत हुते. तुमी थितं उंबऱ्यात बसून बगत हुता. समदं येत असून."

मी हात धुऊन आलो आणि परातीला हात घातला. तिनं परात सोडली नाही.