साठ डिग्रीवरचा डबा

झिंक ऑक्साइडची ती पांढरी पूड करता करता तिच्या नाकी नऊ आले होते. द्रावण ढवळा, गाळा, धुवा, भट्टीत भाजा. कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. आईची मात्र खात्री होती की मुलगी तोंडाची पावडर बनवते आणि ती खपत नाही.

पूड जंतू मारते का, एवढंच सिद्ध करायचं होतं. तिने जंतू पसरलेल्या काही ताटल्यांत पूड घातली, काही तशाच सोडल्या आणि सगळ्या जंतू उबवायच्या कपाटात अंगाच्या उबेवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पूड घातलेल्या ताटल्या लख्ख होत्या. न घातलेल्याही लख्ख होत्या.

"शंभर टक्के मेले," तिच्या प्रबंधाचे गाईडसर नाचायचे तेवढे बाकी होते.

"सर, पूड नसलेल्या ताटलीतलेही मेलेत."

"म्हणजे आपली पूड लांबूनही मारते."

माणूस चेष्टा करत नव्हता. तिने कपाटात डोकं घातलं. आत भाजीचा वास होता आणि वरच्या फळीवर डब्याच्या बुडाएवढा तेलकट डाग.

"काल डबा इथे गरम केलात?"

"जेवणापुरता. साठ डिग्रीवर. बटण परत जागेवर आणलं की. तुझ्या काकूंनी पहाटे उठून केलेलं मी गार खाऊ?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जंतू पुडीने नाही, काकूंच्या भाजीसोबत शिजून मेले होते.

"उद्या जखमेच्या पट्ट्या बनवणारे येतायत," सर म्हणाले. "हाच निकाल दाखवायचा. तुझा प्रबंध माझ्या सहीवर अडलाय, लक्षात ठेव."

"आणि ज्याच्या जखमेवर ती पट्टी बसेल, त्याला काय सांगायचं? साठ डिग्रीवर जाऊन बस?"

"फार बोलतेस."

तिने कपाट पुसून काढलं. नव्या ताटल्या लावल्या, कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टीवाले दोघे आले. सरांनी घसा खाकरायच्या आत तिने तीन ताटल्या मांडल्या.

"हिच्यात पूड नाही. जंतूंचं रान माजलंय. हिच्यात पूड आहे. पुडीभोवती नखाएवढं कडं मोकळं आहे. तिसरीत पूड नाही. ही आधी तासभर साठ डिग्रीवर ठेवली, सोबतीला सरांचा रिकामा डबा. एकही जंतू उरला नाही. कालचा शंभर टक्के निकाल असाच आला होता."

थोरला पट्टीवाला मधल्या ताटलीवर वाकला. "हे कडं पुडीनेच केलंय?"

"हो. अजून बरंच काम बाकी आहे."

"झालं की कळवा."

धाकट्याने गंभीरपणे विचारलं, "डबा कुठल्या धातूचा?"

"स्टीलचा."

त्याने लिहून घेतलं.

ते गेल्यावर सर म्हणाले, "सही विसर आता."

"दुसरे गाईड मागते. अर्जात कारण विचारतात, तिथे डबा लिहीन."

सर जेवायला उठले. मग सवयीने डबा घेऊन कपाटाशी गेले आणि कुलपाकडे बघत उभे राहिले. त्यांना बाजूला करून तिने कुलूप उघडलं, नव्या ताटल्या आत सरकवल्या आणि पुन्हा कुलूप लावलं.

"खिडकीत ठेवा, सर," ती म्हणाली. "तिथे ऊन येतं."