भिंतीकडे तोंड केलेला आरसा

मित्रांनो, माझ्यात तुमचा चेहरा डागाळलेला दिसला तर घाबरू नका. डाग माझे आहेत. कडेचा पारा उडाला आहे, चौकटीला ओल लागली आहे. नाशिकच्या एका नर्सिंग शाळेच्या वसतिगृहात, नळाशेजारच्या भिंतीवर मी आयुष्य काढले. मी एक जुना आरसा आहे. जे पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन, जे नुसते ऐकले ते ऐकले म्हणून सांगेन. त्या दोन्हींची गल्लत झाली की काय होते, तीच माझी हकीकत आहे.

माझी सागवानी चौकट बाहत्तर साली नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका वखारीत रंगनाथ मिस्त्रींनी घडवली. वर लोखंडी साखळी लावून ते म्हणाले, "पोरींच्या वसतिगृहात चाललास बाबा. तुला सुट्टी नाही."

ती खरेच नव्हती. सकाळी ड्यूटीला निघताना प्रत्येक मुलगी माझ्यासमोर थांबे. टोपीला पिना लावायच्या, पदर सारखा करायचा. मेट्रन विमलाबाई फार कडक होत्या. टोपी तिरकी असली तर त्यांच्या आधी मी सांगत असे, म्हणून मुली मला जीव लावत. "आरसा आहे म्हणून अब्रू आहे," असे झुंबर म्हणे. ही सायखेड्याची मुलगी. आवाज मोठा, हात सढळ. वर्गात पाठ म्हणून दाखवताना तिचा आवाज नळापर्यंत ऐकू येई.

मग एक्क्याऐंशी साली डोळे येण्याची साथ आली. गावोगाव लोकांचे डोळे लाल होऊन सुजले. इस्पितळात सकाळपासून रुग्णांची रांग लागे आणि मुली त्यांच्यात उभ्या राहून काम करत. साथ वसतिगृहात कुठून आली असेल, याचा विचार करायला ही रांग पुरेशी होती. पण शंका रांगेवर गेली नाही. ती भागीवर गेली.

भागी सुरगाण्याकडच्या पाड्यावरची. सुट्टीहून परतली तेव्हा तिचे डोळे लाल होते, हे मी पाहिले. एसटीच्या खिडकीला काच नव्हती, घाटभर वारा आणि धूळ खात ती आली होती. दुसऱ्या संध्याकाळी डोळ्यांची लाली पार उतरली, हेही मी पाहिले. इतर कुणी पाहिले नाही, कारण तोवर तिच्याकडे पाहायचेच नाही असे ठरले होते. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीचे डोळे आले होते ना!

"नजरेला नजर देऊ नका गं," आया अक्काबाई बजावत. "बघितलं की लागतंय."

"ए भागे, तिकडं तोंड कर!" झुंबर ओरडे. "जेवताना तरी आमच्याकडं बघू नको, बाई!"

नर्स होणाऱ्या मुली त्या. टॉवेल वेगळे ठेवत, उकळून घेत. पण नजरेची भीती कोणत्याही पाण्यात उकळून जात नव्हती. एकेकीकडे संशयाने पाहायची सवय लागली. तोंड धुताना माझ्यातून त्या आपले डोळे कमी आणि मागच्या मुलीचे जास्त तपासत.

याच काळात झुंबरच्या आईने घरी धरलेल्या काजळाची डबी पाठवली. काजळाने डोळे थंड राहतात, साथ लागत नाही, असा सगळ्यांचा समज. विमलाबाईंनीही हरकत घेतली नाही. सुरुवातीला मुली आपापल्या स्वच्छ काडीवर काजळ काढून, माझ्यात बघून लावत. कुणाची काडी कुणी घेत नसे.

आणखी दोघींचे डोळे आले तेव्हा अक्काबाईंचे लक्ष माझ्याकडे गेले. "ह्या आरशातूनच नजर लागती. भागी बघून जाती अन् तिची नजर आत ऱ्हाती." विमलाबाई म्हणाल्या, "उलटा करा तो."

साखळी वाजली आणि माझे तोंड भिंतीकडे झाले. इथून पुढचे मी फक्त ऐकले.

आरशाशिवाय काडी डोळ्यात टोचते. म्हणून झुंबर पुढे झाली. तिचा हात स्थिर होता. मुली ओळीने उभ्या राहत आणि ती आपल्या बोटाने प्रत्येकीला काजळ घाली. "हलू नको गं. झालं. चल, पुढची!" भागीचे नाव त्या ओळीत मला कधी ऐकू आले नाही.

साथ थांबेल असे वाटले होते. ती धावत सुटली. संशयही धावला. भागीची खाट सामानाच्या खोलीत गेली. विमलाबाईंनी बजावले, "आणखी एकीचे डोळे आले, तर तू गावी." परीक्षा तोंडावर होती. घरून भागीला आधीच निरोप होता की, शिक्षण अर्धे सोडून आलीस तर परत जाणे नाही, सगळ्यांबरोबर द्राक्षांच्या मळ्यांवर मजुरीला जायचे. रात्री कुणी नसताना नळाशी येऊन ती ते स्वतःशीच बोलत असे.

आणखी एकीचे डोळे आले. ती होती झुंबर.

सकाळी भागीची पत्र्याची ट्रंक दारात टेकल्याचा आवाज आला. अक्काबाई तिला एसटी स्टँडवर सोडायला निघाल्या होत्या. तेवढ्यात झुंबर भिंत चाचपत नळापाशी आली. "डोळं चिकटल्यात गं माझं. उघडत नायत. कुणीतरी या ना!" मुलींच्या चपला मागे सरकल्या. पुढे आली ती एकटीचीच पावले.

"बस खाली," भागी म्हणाली.

"शिवू नको मला! तुझ्यामुळंच झालं हे!"

"माझ्यामुळं झालं असंल, तर आता आणखी काय व्हायचं राहिलं? बस."

उकळून निववलेल्या पाण्यात कापूस बुडाल्याचा आवाज मी ऐकला. "हा टाका. दुसरा द्या."

"अगं, किती कापूस घालवशील?" अक्काबाई करवादल्या.

"एकदा फिरवलेला बोळा परत डोळ्याला लावायचा नाय. वर्गात ही झुंबरच मोठ्यानं म्हणायची ना?"

झुंबर हळू बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. "भागे, तुला मी काजळ कधी घातलं?"

"मला कोण घालतंय? मला शिवत पण नाय कुणी."

"अन् तुझं डोळं?"

"कधीच बरं झालं. बघितलं कुणी?"

झुंबरने विमलाबाईंना बोलावून घेतले. "बाई, भागीला नका धाडू. साथ माझ्या बोटानं फिरली. एकीला घातलं, तेच बोट डबीत, तेच दुसरीला."

"काजळाने? काजळ तर थंड असतं."

"काजळ थंड असंल, बाई. बोट एकच होतं."

"भागी, डोळे दाखव," विमलाबाई म्हणाल्या. सवयीने तिने तोंड भिंतीकडे फिरवले असावे, कारण तिचा श्वास माझ्या पाठीला लागला. "तिकडे नको. माझ्याकडे बघ."

मग साखळी वाजली. भागीने मला सरळ केले होते. तिचे डोळे स्वच्छ पांढरे होते. ट्रंक आत आणायला अक्काबाई वाकल्या होत्या आणि मागे उभ्या असलेल्या विमलाबाई माझ्यातून भागीकडे पाहत होत्या. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. पण त्यांनीच आधी नजर खाली घेतली, हे मात्र मी पाहिले.

भागी परीक्षेला बसली. पुढे नवी इमारत झाली, नवे आरसे आले आणि मी जिन्याखाली गेलो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या आरशाला कोरड्या फडक्याने पुसत जा; एवढ्यावर आम्ही पुष्कळ टिकतो. आणि कुणाच्या डोळ्यांविषयी शंका आली, तर त्याला भिंतीकडे वळवण्याआधी एकदा त्या डोळ्यांत पाहा.