रेघमाई आणि काळे चष्मे

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून देतो. एकदा भर उन्हात मी माझी सावली घडी घालून खिशात ठेवली आणि दमल्यावर ती अंथरून तिच्यावर झोप काढली, असं सांगितलं तेव्हा या गल्लीनं माना डोलावल्या. आज खरं सांगायला बसलोय. बघू, कोण मानतो ते.

मी इस्त्रीवाला. चुण्या घालवणं हा माझा धंदा आणि थापा मारणं हा जोडधंदा. गिऱ्हाईक कपडे न्यायला येतं, बाकावर टेकतं आणि गोष्ट ऐकून उठतं. थापेचा मोबदला मी एवढाच घेतो की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जायला हव्यात. "काय सांगता, मामा!" म्हणताना माणसाच्या कपाळावर ज्या चुण्या पडतात, तेवढ्याच चुण्यांवर इस्त्री फिरवायला माझा हात धजत नाही.

बाकाच्या टोकाला बसून ती सदऱ्यांच्या गुंड्या लावतेय ना, ती माझी भाची. दिवस भरत आलेत, म्हणून कामावरून सुट्टी घेतलीय आणि माझ्या डोक्यावर येऊन बसलीय. आई गेल्यापासून ती माझ्याच घरात वाढली, लग्नानंतर जावईही इथंच राहायला आला. गोष्ट तिचीच आहे. ऐकेल, पण चेहरा हलवायची नाही. कित्येक महिने माझी एकही थाप तिच्या भुवयांना हलवू शकलेली नाही. का, तेच सांगतो.

समोरच्या रंगाच्या दुकानावर एक लांबोडा हॉल आहे. गेल्या वर्षी तिथं रेघमाई अवतरली आणि बायकांची रांग जिना उतरून, दुकानापुढचे डबे ओलांडून थेट माझ्या बाकापर्यंत आली. कुणाला मूल हवं होतं, कुणाच्या सुनेला हवं होतं, कुणी नुसतीच 'बघू तरी काय आहे' म्हणून उभी होती. रेघमाई उंच खुर्चीवर बसायची, हातात पांढरे मोजे, शेजारी झाकणाचा मोठा थर्मास.

"बाळांनो," ती म्हणायची. समोर पन्नाशीच्या बायका, आणि म्हणे बाळांनो! "कपाळी लिहिलेलं चुकत नाही म्हणतात. अगं, पण लिहिणाराही हातानंच लिहितो ना? हात म्हटला की चूक आली. मी त्या चुकीचं खोडरबर आहे!"

मग थर्मासातून ती एक चिमुकली बाटली काढायची. आत म्हणे आकाशगंगेच्या उगमाचं पाणी. उगम एवढा लांब, पण बर्फ कोपऱ्यावरच्या दुकानातला! ते पाणी बारीक सुईत भरायचं, कपाळावर इथं-तिथं टोचायचं आणि नियम सांगायचे. चार तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर नशीब मागे ओघळतं. कपाळ चोळायचं नाही, नाहीतर शाई फिसकटते. आठवडाभर आरसा बघायचा नाही, लिहिणाऱ्याला लाज वाटते.

आता हसू नका. कारण आठवडा उलटला की खरोखर रेघा नाहीशा व्हायच्या. मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय. वर्षानुवर्षांच्या आठ्या गेल्या, कपाळं ताटासारखी गुळगुळीत झाली. थापाड्याचीही बोबडी वळावी असा प्रकार! त्या दिवसांत माझ्या गोष्टींना कुणी विचारेना. माझी सावली खिशात मावली काय नि न मावली काय, समोर माणसांची नशिबं पुसली जात होती.

भाचीची दोन बाळं पोटातच गेली होती. पहिल्या वेळी ती रडली. दुसऱ्या वेळी रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत बसली, आणि तेव्हापासून तिच्या दोन भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ उमटली ती कायमची. जावई बेकरीत भट्टीवर काम करतो. घरी आला की पावाचा वास घेऊन दारातच उभा राहायचा, कारण आत आल्यावर काय बोलायचं हे त्याला सुचत नसे.

रेघमाईनं तिच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. "ही! हीच ती. पाळण्याची दोरी इथंच तुटते."

त्याच दिवशी भाचीनं सुई घेतली. रेघ गेली. आणि पुढे काय व्हावं? तिला दिवस राहिले!

रंगाच्या दुकानदारानं जिना फुकटात रंगवून दिला. हॉलमध्ये भाचीला पहिल्या रांगेत बसवायला लागले. जावई पहिल्यांदा शीळ घालत घरी आला. मीही थर्मासाला मनोमन हात जोडले. खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी तिनं मला हाक मारली. आवाज असा की हातातली इस्त्री आपटली. ती आरशासमोर उभी होती.

"मामा, रेघ परत येतेय."

"पोरी, रेघ आहे ती. येणार-जाणार."

"रेघ परतली की बाळ परततं, असं माई म्हणाली होती. दुसरी सुई घ्यायला हवी. येत्या बैठकीलाच."

त्या दिवसापासून घरात वारासुद्धा दबकत वावरायला लागला. कपाळ हलू नये म्हणून तिनं भुवयांच्या मध्ये चिकटपट्टी लावली. हसणं बंद, रडणंही बंद. रडलं की कपाळ आक्रसतं ना! जावयानं भट्टीवर बोट भाजून घेतलं, तर ते बघूनही तिनं चेहरा दगडासारखा ठेवला आणि मलम लावलं. मी जगातल्या सगळ्या थापा तिच्यापुढे ओतल्या. ती डोळ्यांनीच 'नको ना, मामा' म्हणायची. पोटात जीव घेऊन एक बाई स्वतःच्याच चेहऱ्याला घाबरून जगतेय, हे मी रोज बघत होतो. तेव्हा माझ्याजवळ एकही गोष्ट उरली नव्हती.

"डॉक्टरीणबाईंना विचार तरी," मी म्हणालो.

"त्यांना दोन्ही वेळा विचारलं. म्हणाल्या, कारण सापडलं नाही. माईनं निदान कारण तरी दिलं, मामा!"

बुडणाऱ्याला काडी हवी असते, आणि रेघमाईनं तर अख्खी मोळी देऊ केली होती.

पण तपासणीची तारीख होतीच. मी सोबत गेलो आणि बोलायचं नाही असं कबूल करूनही दवाखान्यात तोंड उघडलं. थंड बाटली, बारीक सुई, चार तास, आरसा, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मामा, हे नियम तर त्वचेच्या दवाखान्यात रोज सांगतात. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन आहे हे. ते औषध कपाळाच्या स्नायूंना झोपवतं. स्नायू ओढले गेले नाहीत की आठी पडत नाही. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून तो आरशाचा नियम. औषध जागेवरून पसरू नये, म्हणून आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. खराब होऊ नये म्हणून बर्फ. तीन-चार महिन्यांनी स्नायू जागा होतो आणि रेघ परत येते. प्रत्येकीची येते, बाळ असो वा नसो."

"आणि मूल?" भाचीनं विचारलं.

"रेघ गेल्यानं मूल होत असतं, तर त्वचेच्या दवाखान्यांना सत्तरीच्या बायकांसाठी बाळंतघर उघडावं लागलं असतं."

मला हसू फुटलं. भाची हसली नाही. पट्टीवर बोट दाबून म्हणाली, "मी जी घेतली, तिनं काही झालं असेल?"

"तू ती दिवस राहायच्या आधी घेतलीस. एवढंसं औषध बहुतेक टोचलेल्या जागीच राहतं. घाबरून जाऊ नकोस, मी लक्ष ठेवते. पण गरोदरपणात ते निर्धोक आहे असं सांगायला पुरेसा अभ्यासच झालेला नाही. पोटुशा बायकांवर असले प्रयोग कोण करणार? म्हणून साधा नियम आहे. दिवस राहायचे असतील, राहिले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ही सुई घ्यायची नाही. हौस असली तर नंतर, आणि तीही विचारून, डॉक्टरकडूनच. त्या माईच्या बाटलीत काय होतं, किती होतं, देव जाणे. मला त्याची जास्त भीती वाटते."

भाचीनं बोट पट्टीवरून खाली घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ती दोघं माझ्या रेघेमुळे गेली नाहीत?"

"नाही."

"मग कशामुळे?"

"ठाऊक नाही, बाळ. पुष्कळदा कळत नाही. पण तुझ्यामुळे नाही, एवढं नक्की."

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. कसली संपतेय? बैठकीच्या दिवशी भाची पट्टी लावून निघाली. "बाई चुकल्या असल्या तर, मामा? बाळ गेल्यावर कळून काय उपयोग?" जावई दारात आडवा आला, मग बाजूला झाला. त्यालाही तीच भीती होती. मी मागोमाग गेलो.

हॉल खच्चून भरला होता. रेघमाईनं भाचीला पुढे बोलावलं. "या बघा! हिच्या पोटात माझा पुरावा आहे! पण हिनं शंका घेतली, म्हणून रेघ परतली. आता दुसरी सुई!" थर्मासाचं झाकण उघडलं. सुई भरली गेली.

आणि मी उठलो. सिंहासारखा उठलो! रंगाचे डबे थरथरले. मी गरजलो, "थांब! आधी ज्यांची नशिबं पुसलीस, त्या सगळ्यांनी भुवया वर करा!"

बायकांनी जोर लावला. कान हलले, नाकपुड्या फुगल्या, एकीची वेणी सुटली. भुवया जागच्या हलेनात!

"त्यांचा अहंकार गेलाय!" रेघमाई ओरडली. "अहंकाराशिवाय भुवई चढत नाही!"

"स्नायू झोपलाय!" मी म्हणालो. "आणि मागच्या रांगेतल्या त्या काळ्या चष्म्यांचं काय?"

ते राहिलंच सांगायचं. भाची चष्म्याच्या दुकानात काम करते. त्या महिन्यांत रेघमाईकडे जाऊन आलेल्या काहीजणी दुकानात येऊन मोठ्यात मोठा काळा चष्मा मागत होत्या. मागच्या रांगेतल्या एकीनं चष्मा काढला. तिची एक पापणी अर्धी डोळ्यावर उतरलेली. रेघमाईनं तिला सांगितलं होतं, हे तुझ्या पापाचं ओझं, कुणाला दाखवू नकोस. मग दुसरीनं काढला, मग तिसरीनं. सुई चुकीच्या जागी पडली की औषध पापणीच्या स्नायूलाही झोपवतं आणि तो काही आठवड्यांनी जागा होतो, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर त्यांना तपासून सांगितलं. पाप वगैरे काही नव्हतं, हात कच्चा होता. पुढे कळलं, रेघमाई एका त्वचेच्या दवाखान्यात मदतनीस होती. बाटल्या तिथूनच उचललेल्या.

त्या दिवशी नशीब पुसणारी मागच्या दारानं पसार झाली. अवतार खुर्चीवरच राहिला, थर्मास मात्र काखेत! भाचीची पट्टी गेली, पण चेहरा जपायची सवय मागे राहिली.

आता शेवटचं सांगतो. मी थापाड्या आहे, म्हणून मला थापेची जात ओळखू येते. माझी थाप ऐकून तुम्ही हसत घरी जाता. तिची ऐकून माणूस स्वतःला गुन्हेगार समजून घरी जातो. जी थाप तुमच्या दुःखाचा दोष तुमच्याच कपाळी मारते, ती पकडा. आधी रेघ गेली आणि मग दिवस राहिले, म्हणून आधीच्यामुळेच नंतरचं झालं असं होत नाही. कोंबडा आरवल्यानं सूर्य उगवत नाही, हे माझ्यासारख्यालाही कळतं. 'मला ठाऊक नाही' म्हणणारा डॉक्टर हा 'मला सगळं ठाऊक आहे' म्हणणाऱ्या माईपेक्षा शंभर पटीनं तुमचा सोयरा आहे. विचारा. पोटात जीव असेल तर दोनदा विचारा. मी त्या दिवशी हॉलमध्ये छाती पुढे काढून उभा राहिलो, तसेच तुम्हीही उभे...

"खोटं!"

बाकाच्या टोकाहून आवाज आला. गुंड्यांची डबी कलंडली.

"मामा, धडधडीत खोटं! तुम्ही कुठं उठलात? तुम्ही जिन्यात होता, कठडा धरून, डोळे मिटून! उठले मी. पट्टी मी काढली. त्या बाईनं चष्मा काढला तो मी जाऊन तिचा हात धरला म्हणून. मीच विकला होता तिला तो! सिंह म्हणे!"

तिच्या भुवया थेट केसांना जाऊन भिडल्या होत्या. कपाळभर चुण्या पडल्या होत्या, मधली उभी रेघसुद्धा होती, आणि तिचा हात काही ती झाकायला वर गेला नाही. तो पोटावर होता.

"आणि ती सावलीसुद्धा खिशात मावली नव्हती!"