डाव्या हाताचं उत्तर

राग्नाने तोंडी परीक्षेच्या प्रश्नाची चिठ्ठी उचलली नि उलटी करून वाचली. 'प्रवाह वाहणाऱ्या दोन समांतर तारा.' म्हणजे दिशा आली, हात आला, म्हणजे ज्यात ती दोनदा नापास झालेली नेमकं तेच आलं.

आणि ही तिसरी वेळ. आरहूसच्या विद्यापीठात तीनच संधी मिळतात. आता गेलं की फिजिक्स सुटलं, खोली सुटली, सरळ गावी लेमविगला जायचं नि काकाच्या कारखान्यात हेरिंग मासे डब्यात भरत बसायचं. काकाने तर कालच फोनवर विचारलेलं, "रबरी बूट बघून ठेवलेत गं तुझ्यासाठी. एकोणचाळीस नंबरच ना?" त्याला वाटलं, आपण गंमत केली.

तसा नियम किती सोपा. उजव्या हाताचा अंगठा प्रवाहाच्या दिशेने धरायचा. बोटं वळतात तसं चुंबकीय क्षेत्र तारेभोवती फिरतं. मग पुन्हा उजवाच हात: बोटं प्रवाहाकडे, तिथून क्षेत्राकडे वळवायची, अंगठा दाखवेल तिकडे तारेवर बल. पण मागच्या दोन्ही वेळी झालं काय, तर उजव्या हातात खडू होता. मग जो रिकामा होता तोच हात वर गेला, डावा. नि क्षेत्रच उलटं.

"आधी खडू खाली ठेव गं बाई," वर्गातला आस्गर महिनाभर तिच्या मागे लागलेला. "खडू खाली, मग हात वर. देवळात गेल्यासारखं."

तेही शिकली ती. नि परवा बर्फावर सायकल अशी घसरली की उजवा हात अंगठ्यासकट प्लास्टरमध्ये. डॉक्टरचं पत्र आणून परीक्षा पुढे ढकलता आली असती, पण ही धाकधूक उन्हाळ्यापर्यंत पोटात घेऊन जगायचं तिच्या जिवावर आलं. शेवटी आस्गरनेच तोडगा काढला: "डावाच वापर, नि जे येईल ते उलटं कर. झालं."

झालं, म्हणे.

आत मोगेन्स बसलेला, तिचा शिक्षक. शेजारी दुसऱ्या विद्यापीठातून आलेली परीक्षक, बेन्टे, पांढऱ्या केसांची, कॉफीच्या थर्मासशेजारी छोटंसं होकायंत्र ठेवून बसलेली.

"सावकाश कर," मोगेन्स म्हणाला. त्यानेच ती जास्त घाबरली.

डाव्या हाताने तिने दोन उभ्या तारा काढल्या, दारू प्यायल्यासारख्या तिरक्या. दोन्हींत प्रवाह वर. खडू ठेवला. अंगठा वर, बोटं वळवली, नि उजवीकडच्या तारेपाशी गोलात टिंब दिलं: क्षेत्र फळ्यातून बाहेर येतंय. मग पुन्हा हात, पुन्हा बोटं, नि बलाचा बाण डावीकडे.

"तारा एकमेकींना ओढतात," ती म्हणाली.

मोगेन्सने कप खाली ठेवला. फारच हळू ठेवला.

"ओढतात, बरोबर," बेन्टे म्हणाली. "पण तुझं क्षेत्र उलटं आहे. चुकीच्या क्षेत्रातून बरोबर उत्तर कसं आलं? की तेवढं पाठ करून आलीस?"

उलटं करायचं होतं ना? मग आपण केलं की नाही? एकदा केलं, की दोनदा केलं, की मुळीच नाही? काही म्हणता काही आठवेना. ती फळ्याकडे वळली. प्लास्टरच्या आत खाज सुटलेली, डोळ्यांपुढे रबरी बूट.

"राग्ना, काहीतरी बोल," मोगेन्स म्हणाला. "काहीही."

तिने पुन्हा तोच डावा हात वर केला. अंगठा. बोटं. क्षेत्र बाहेर. पुन्हा बोटं. बल डावीकडे. मग थांबली.

"दोनदा," ती फळ्यालाच म्हणाली.

"काय दोनदा?"

"हा हात मी दोनदा वापरला. क्षेत्र उलटं आलं, मग त्यावरून बल काढताना उलट्याचं उलटं झालं. उलटं करायचं विसरले मी. दोन्ही वेळा." आता तिला थांबवत नव्हतं. "तारांना काय माहीत मी कुठला हात धरलाय. त्या ओढतात ते खरंच ओढतात. क्षेत्राचा बाण कुठे काढायचा ते मात्र माणसांनी ठरवलंय."

"मग तुझा बाणही चालेल की," बेन्टे म्हणाली, नि होकायंत्र तिच्यापुढे सरकवलं. "हे त्या टिंबापाशी धरलं, तर लाल टोक कुठे वळेल?"

"आत. फळ्याकडे. माझ्या बाणाच्या उलट." राग्नाने होकायंत्र उचलून बघितलं. "लाल रंग दुसऱ्या टोकाला दिला असता तर माझं बरोबर ठरलं असतं."

"पण दिलाय या टोकाला."

"हो," राग्ना म्हणाली, नि बाहीने टिंब पुसून तिथे फुली मारली: क्षेत्र फळ्यात आत जातंय.

निकाल ठरवायला तिला बाहेर पाठवलं. बाहेर आस्गर जमिनीवर बसून तिच्यासाठी आणलेला दालचिनीचा पाव स्वतःच खात होता. "काय गं?"

"उलटं करायचं विसरले."

"अरे देवा. एकदा?"

"दोनदा."

त्याने पाव मांडीवर ठेवला, डावा हात वर केला, बोटं वळवली, पुन्हा वळवली. "थांब, मग तर..."

"गप रे. फुलीऐवजी टिंब काढलंय मी."

दार उघडलं. आत दोघंही उभी होती. नापासाचा शेरा शून्य-शून्य असतो नि पास होण्याचा सगळ्यात खालचा शून्य-दोन. मोगेन्सने कागद बघितला.

"शून्य," तो म्हणाला, नि नेमका तिथेच त्याला खोकला आला. कॉफीचा ठसका लागलेला. हेरिंगचा वास राग्नाला खरोखर आला. मोगेन्स खोकतोय, खोकतोय, डोळे पुसतोय.

"दोन," शेवटी बेन्टेच म्हणाली, नि अभिनंदनाला हात पुढे केला, उजवा. राग्नाने डावा दिला. तो कसा धरायचा ते क्षणभर दोघींनाही जमेना.