कानामागची दाढी

गल्लीतले लोक त्याला कडकराव म्हणत. उभ्या जन्मात त्याच्या शर्टाची कॉलर कधी मऊ पडली नाही, म्हणून हे नाव. वडिलांनी थाटलेलं सलून त्याच्याकडे आलं, तशी वडिलांची शिस्तही आली. वडील म्हणायचे, "आपला चेहरा म्हणजे दुकानाची पाटी. पाटीवर धूळ बसली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं." त्यामुळे बाप असो की लेक, गालावर खुंट घेऊन त्या उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही. तापानं फणफणला असला, तरी कडकराव आधी दाढी करायचा आणि मग औषध घ्यायचा.

त्याच्या बायकोला गिऱ्हाइकं काकी म्हणत. दाराजवळच्या छोट्या ओट्यावर गरम पाण्याचं भांडं असे. त्यातून टॉवेल काढून, पिळून ती हातात द्यायची, आणि कुणाची बायको कशी आहे, कुणाचा गुडघा कसा आहे, हे विचारायची. लग्न होऊन ती याच दुकानामागच्या खोल्यांत आली होती. तेव्हाचा कडकराव तिला अजून डोळ्यांसमोर दिसे. बारीक अंगाचा, पाठ सरळ, आणि मान तर अशी की बघत राहावं. थोरल्या नणंदेनं तेव्हाच टोमणा मारला होता, "सुरईसारखी मान बायकोची असावी म्हणतात. आमच्याकडे उलटंच निघालं." काकीला राग आला नव्हता. आपल्याला मिळाली ना सुरई, मग ती कुणाच्या का खांद्यावर असेना!

पण वय कुणाला चुकलंय? साठी उलटली आणि सुरईची पिशवी झाली. दुसऱ्या कुणाची झाली असती तर त्यानं सकाळी एकदा आरशात बघून सुस्कारा सोडला असता आणि कामाला लागला असता. सलूनवाल्याला ती सोय नाही. तो दिवसभर आरशापुढे उभा. खाली गिऱ्हाइकाचं ताजंतवानं तोंड, आणि त्याच्या बरोबर वर, त्याच आरशात, स्वतःची लोंबती मान. एके दिवशी गिऱ्हाईक उठून गेल्यावर कडकरावानं हनुवटीखालची कातडी दोन बोटांत धरून मागं ओढली आणि म्हणाला, "एवढंच तर करायचंय."

ऑपरेशन करून मान ताणून घ्यायचं त्यानं ठरवलं. काकीनं समजावलं. वरच्या मजल्यावरून नणंद खास खाली उतरली. "अरे, या वयात गळा आवळून घेतोस? आणि दाखवणार कुणाला? ही तर तुझ्याकडे बघते तेव्हा चष्मासुद्धा लावत नाही!"

"ताई, तू वर जा," कडकराव म्हणाला. ती गेली, पण जाताना म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण."

ऑपरेशन झालं, आणि त्यात एक चूक झाली. ती चूक सलूनवाल्याशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती. डॉक्टरांकडे तपासायला जायचं म्हणून कडकरावानं अशी गुळगुळीत दाढी केली होती की माशी बसली तर घसरावी. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तर दोनदा केली. परक्या माणसापुढे दुकानाची पाटी स्वच्छ हवी ना! डॉक्टरांनी त्या चकचकीत गालांवर पेनानं रेघा मारल्या आणि कातडी वर, मागं ओढून घेतली. दाढी कुठं संपते आणि कानाजवळची बिनकेसांची जागा कुठं सुरू होते, हे त्यांना दिसलं नाही. त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही.

सूज उतरायला बरेच आठवडे गेले. पिशवी गेली होती, हे खरं. पण हनुवटीखाली मधोमध खळगा पडला होता, कारण तिथली चरबी जास्तच काढली गेली होती. खळग्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोऱ्या ताणून बसवल्यासारख्या दिसत. डावीकडची तर कातडीला चिकटूनच बसली होती. तो गिळायला लागला की कातडीही वर ओढली जायची. कानाच्या पाळ्या गालाला शिवल्यागत खाली खेचल्या होत्या. आणि एक गोष्ट काकीला आधी कळली. ती त्याच्या मानेवरून टॉवेल फिरवत होती, आणि टॉवेल कानामागं अडकला. तिनं बोट लावून पाहिलं. खुंट होते.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमची दाढी कानामागं गेलीय."

त्या दिवसापासून कडकरावानं दुकानातल्या खुर्च्या फिरवून ठेवल्या. गिऱ्हाइकाची पाठ आरशाकडे आणि तोंड भिंतीकडे. तो स्वतःही आरशाकडे पाठ करून उभा राही. नवीन पद्धत आहे, म्हणे. निवृत्त पोस्टमन हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "म्हणजे केस कसे कापले ते आता घरी जाऊन शेजाऱ्यांना विचारायचं होय?"

ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, काळजी नको, थोडं अजून ओढून घेऊ, सगळं सपाट होईल. त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीखही दिली आणि कडकराव हो म्हणून आला. काकीला ते पटेना. ओढूनच तर हे झालं, अजून ओढून बरं कसं होणार? तिनं आपली चिंता टॉवेल पिळता पिळता पोस्टमनला सांगितली. आयुष्यभर पत्रं वाटलेला माणूस, त्याला गावातली सगळी दारं पाठ. तो म्हणाला, "एक डॉक्टरीणबाई आहेत, बागेच्या पलीकडे. दुसऱ्यांनी बिघडवलेलं दुरुस्त करतात. बोलायला फटकळ आहेत, पण घाई करत नाहीत."

कडकराव नाइलाजानं गेला. अर्थातच दाढी करून.

डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि विचारलं, "दाढी कुठाय?"

"केली."

"मग मी बघू काय? जिथं केस तिथं गालाची मूळ कातडी. ती किती सरकली, किती शिल्लक आहे, ते केसच सांगतील. चार-पाच दिवस वाढवून या."

"डॉक्टर, माझं सलून आहे."

"माझा दवाखाना आहे. म्हणून मी कधी शिंकतच नाही का?" त्यांनी दिवा बंद केला.

सांगितल्या दिवशी तो पुन्हा गेला, तर गाल पुन्हा गुळगुळीत! त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. रोज सकाळी सवयीनं पाणी तापवायचा, आणि अर्धा गाल झाल्यावर लक्षात यायचं. अर्ध्या दाढीनं दुकानात कसं जायचं, म्हणून पुरी करायचा. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात या."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर कडकराव थांबला. "मी इथं पुन्हा येणार नाही. पहिले डॉक्टर बरे. ते काही मागत तरी नाहीत."

"म्हणूनच मला त्यांची भीती वाटते," काकी म्हणाली.

घरी आल्यावर ती कामाला लागली. तिनं न्हाणीघरातला वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी, सगळं उचलून दुकानात नेलं. पुढच्या-मागच्या दारांना कुलूपं लावली, बाहेर 'काही दिवस बंद' अशी पाटी अडकवली आणि किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. "आता वाढेल," ती म्हणाली. "तुम्ही काही करायचं नाही. केसांना कुणी शिकवावं लागत नाही."

कडकराव खोलीत बसून राहिला. गालावर हात फिरवी आणि चटका बसल्यासारखा काढून घेई. नणंद डोकावून म्हणाली, "अगंबाई, हा तर शेवटच्या आजारपणातल्या बाबांसारखा दिसायला लागला." त्यावर त्यानं चादर डोक्यावर ओढली. पहिल्या डॉक्टरांची तारीख जवळ येत होती. त्यांच्या दवाखान्यातून आठवणीचा फोनही येऊन गेला, आणि तो फोनवर म्हणाला, "येतो, येतो." काकीनं ते ऐकलं. तिला वाटलं, आपण अडवून अडवून किती अडवणार? मान त्याची आहे.

तेवढ्यात एका सकाळी पोस्टमन थेट घराच्या दारात हजर. नवा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि गालावर पांढरे काटे.

"काकी, कुलूप उघडा. आज माझं लग्न आहे."

"काय?"

"आमच्या जिन्यातल्या बाई. त्याही एकट्या, मीही एकटा. दोघांचा मिळून एकच चहा होईल म्हटलं. हात थरथरतो माझा, नाहीतर स्वतःच केली असती. आणि दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मान द्यायची मला सवय नाही."

खोलीतून कडकरावाचा आवाज आला. "मी दाढी वाढलेल्या तोंडानं दुकानात जाणार नाही."

"मग मी दाढी वाढलेल्या तोंडानं बोहल्यावर जाऊ का?" पोस्टमन ओरडला. "तू लपून बस बाबा. तुला कोण माळ घालणार आहे?"

आत कपाटाचं दार वाजलं. मग कडकराव बाहेर आला. मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला, कॉलर मात्र कडक. काकीनं मागच्या दाराचं कुलूप काढलं आणि तिघं दुकानात शिरले. काकीनं पाणी तापायला ठेवलं.

पोस्टमन खुर्चीत बसला आणि भिंत बघून वैतागला. "आज तरी फिरव की ही. नवरदेवाला स्वतःचं तोंड बघू दे."

कडकराव घुटमळला. मग त्यानं खुर्ची फिरवली. काम सुरू झालं. फेस लावून झाला आणि तो वाकला तसा मफलर घसरून वाटीत पडला. आरशात आता दोन चेहरे होते. खालचा फेसानं भरलेला आणि वरचा खुंटांनी. पोस्टमन डोळे बारीक करून बघत राहिला.

"कडकराव, तुझ्या कानामागं पीक आलंय की रे!"

काकीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आता हा वस्तरा खाली ठेवणार, असं तिला वाटलं. त्यानं ठेवला नाही. तो आरशात बघत होता, किती दिवसांनी!

"पेरणी डॉक्टरांनी केली," तो म्हणाला. "कापणी माझ्या नशिबी."

पोस्टमन असा हसला की फेस उडून आरशावर गेला. कडकरावही हसला, आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. काकी हसता हसता रडायला लागली आणि गिऱ्हाइकासाठी पिळलेल्या टॉवेलनं स्वतःचेच डोळे पुसत बसली.

नवरदेवाला वाटेला लावल्यावर कडकराव आरशाजवळ गेला. कान पुढं दुमडून त्यानं बोटानं खुंटांची कड चाचपली. "अगं, हे बघ. इथं संपायला हवी होती. इथवर गेलीय. अजून एकदा ओढलं तर मानेवर मागं भांग पाडावा लागेल."

"मग?"

"मग काय? चल त्या फटकळ बाईंकडे."

डॉक्टरीणबाईंनी खुंट पाहिले आणि पहिल्यांदाच हसल्या. "आता कसं! आता मला तुमची मान वाचता येते." त्यांनी वेळ काढून एकेक गोष्ट सांगितली. कातडी पुन्हा ओढायची नाही, शिल्लकच नाही. ओढली तर पाळ्या आणखी खाली येतील. कानामागचे काळे केस लेझरनं जातील. पांढऱ्या केसांना लेझर ओळखत नाही, ते सुईनं एकेक करून जाळावे लागतील, कंटाळवाणं काम आहे. पाळ्या सोडवणं सोपं, तेवढाच भाग बधिर करून होतं. खळग्यात पोटाची थोडी चरबी भरता येईल, पण त्यातली काही टिकते, काही विरते, कदाचित दोनदा भरावी लागेल. दोऱ्यांसाठी मात्र थांबायचं. चिकटलेला व्रण अजून कडक आहे. वर्ष उलटू दे, तोवर रोज तेल लावून चोळा, लागलंच तर एखादं इंजेक्शन देऊ. सुटला तर सुरी लागणार नाही. नाही सुटला, तर तेव्हा बघू.

"पहिल्यासारखी होईल?" कडकरावानं विचारलं.

"पहिल्यासारखी म्हणजे कधीसारखी? लग्नातल्यासारखी होणार नाही. तुमच्या वयाच्या चांगल्या माणसासारखी होईल. चालेल?"

त्यानं काकीकडे पाहिलं. काकी म्हणाली, "मला तर चष्म्याशिवाय तशीच दिसते."

घरी येऊन त्यानं पहिल्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. तारीख नको, म्हणाला. पलीकडून बरंच बोलणं झालं असावं. यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही, राग नाही. मीही दाढी करून आलो होतो." आणि फोन ठेवला.

पाळ्या सुटल्या. लेझरचं सुरू झालं. सुईच्या वेळी तो खुर्चीत बसून दुसऱ्याच्या हाताखाली मान देऊन राहायचा, आणि घरी येऊन म्हणायचा, "सुई लावणारी पोरगी हात हलका ठेवते, पण गप्पा मारत नाही. धंद्यात पुढं जाणार नाही." दुकान बंद झालं की काकी त्याला खुर्चीत बसवी, अंगठ्याला तेल लावी आणि डावीकडच्या दोरीवर वरून खाली चोळत राही. ते चोळणं दगडावर पाणी घालण्यासारखं वाटे. कितीतरी संध्याकाळी असंच चाललं. अंगठा दुखला की ती दुसरा लावी. नणंद वरून विचारी, "झालं का पॉलिश?"

अशाच एका संध्याकाळी काकीचा हात थांबला.

"काय झालं?" कडकरावानं घाबरून विचारलं.

"बोलू नका. गिळा बघू."

त्यानं गिळलं. एरवी गळा हलला की चिकटलेली कातडी त्याच्याबरोबर वर ओढली जायची, आणि तिथं चुणी पडायची. आज गळा वर गेला, खाली आला. कातडी आपल्या जागी राहिली.

"पुन्हा गिळा."

त्यानं पुन्हा गिळलं. तिनं चष्मा लावला, वाकली, अगदी नाक टेकेल इतकी जवळ गेली. "पुन्हा."

"अगं, सुटलं का?"

"थोडं. खालच्या टोकाला. पुन्हा गिळा ना!"

वरून आवाज आला, "काय चाललंय रे खाली?"

"ताई," कडकराव खुर्चीतूनच ओरडला, "येताना तांब्याभर पाणी आण. गिळून गिळून घसा कोरडा पडला!"