खुर्चीजवळची बाई

“खिसा उलटा करा.”

“कायले जी बाई? शपथ सांगतो, खर्रा सोडून साल झालं.”

“मंग उलटा करायले काय जाते?”

जऊळक्याचे गुलाबराव सुजलेल्या गालाला दस्ती लावून दवाखान्याच्या बाकावर बसले होते. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं आणि शेवटी बंडीचा खिसा उलटा केला. रबर गुंडाळलेली सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी टपकन भागिरथेच्या पायाशी पडली.

“हे माह्या जवायाचं हाय,” गुलाबराव म्हणाले.

“त्याले बी घेऊन या मंग. त्याचा बी दात पाहू.”

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे डॉक्टर राजपाल यांनी हा दातांचा दवाखाना उघडला, त्या दिवसापासून भागिरथा तिथे कामाला होती. अवजारं वाफेच्या मशीनमध्ये घालायची, लाळ ओढणारी नळी धरायची, डॉक्टरांनी न पाहता मागे हात केला की हवं ते त्यात ठेवायचं, आणि दात काढताना रुग्णाचा जबडा खालून तळव्यात पेलून धरायचा, ही तिची कामं. संशय घेणं हे कुणी सांगितलेलं काम नव्हतं, पण ते ती सगळ्यात मन लावून करायची. लोक उपास धरून यायचे नि जेवून आलो म्हणायचे. बीपीची गोळी घरी विसरायचे नि घेतली म्हणायचे. दातांच्या डॉक्टरपुढे माणूस कोर्टातल्या साक्षीदारापेक्षा जास्त खोटं बोलतो, असं तिचं ठाम मत होतं आणि अजून ते कुणी खोडून काढलेलं नव्हतं.

तिचा हा स्वभाव उगाच झालेला नव्हता. दवाखाना नवा होता तेव्हा काही लोक खुर्चीत बसल्यावर तोंड उघडण्याआधी तिचं आडनाव विचारायचे. आडनाव कळलं की कुणाला एकदम बरं वाटू लागायचं, कुणाला गावाकडे काम आठवायचं. भागिरथा पुढच्या रुग्णाला आत घ्यायची. दुसऱ्या दिवशी गाल दुप्पट सुजवून तेच लोक परत यायचे आणि मुकाट्यानं हनुवटी तिच्या हातात द्यायचे. असे कितीतरी जबडे तिने पेलले. आता रिठदपासून जऊळक्यापर्यंतची माणसं दार उघडताच आधी विचारायची, “ते खुर्चीजवळची बाई हाय ना?”

गुलाबरावांनाही तेच हवं होतं. डॉक्टरांनी दाढ तपासली, सूज उतरायला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, सूज उतरली की काढू म्हणाले. गुलाबरावांनी भागिरथेचं मनगट धरलं.

“काढतानी तुमीच धरसान ना, बाई? नाई तं मी येत नाही.”

“मीच हावो. या तुमी.”

त्याच वेळी डॉक्टरांनी सवयीनं मागे हात केला. भागिरथेनं त्यात आरसा ठेवला, म्हणजे ठेवला असं तिला वाटलं. आरसा फरशीवर खणकन पडला.

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. “हाताले काही होते का, बाई? मुंग्या गिंग्या?”

“नाही. ट्रे इकडचा तिकडे करते कोणी तरी,” असं म्हणून तिने समीक्षाकडे पाहिलं.

समीक्षा दिवाळीनंतर लागलेली पोरगी. अकोल्याला कसलासा कोर्स करून आलेली, हातमोजे घालतानाही गुणगुणणारी. कानामागून आली नि तिखट झाली, हे भागिरथेचं तिच्याबद्दलचं मत पहिल्या आठवड्यातच तयार झालं होतं. समीक्षाने खाली वाकून आरसा उचलला आणि म्हणाली, “माह्यीच चूक झाली असंन, काकू.” भागिरथेला तर याचाच जास्त संशय आला. चूक नसताना चूक कबूल करणारी पोरगी साधी असूच शकत नाही.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, “बाई, वाशीमले ट्रेनिंग हाय. दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी. तीन दिवस. तुमी जाऊन या.”

“मी? आन् इथलं काम?”

“समीक्षा राहीन इथं.”

झालं. शंकेची पाल चुकचुकली आणि मग ती गप्प बसेना. इतक्या वर्षांत कधी ट्रेनिंग नाही, आताच काहून? नव्या पोरीला शिकवायचं सोडून जुन्या बाईला शिकवायला कोण पाठवतं? मागच्याच आठवड्यात सुतार येऊन बाहेरच्या खोलीचं माप घेऊन गेला होता. एक गोल फिरणारी खुर्ची येऊन कोपऱ्यात पडली होती, तिच्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. आणि काल ती आत गेली तेव्हा डॉक्टर फोनवर म्हणत होते, “हो, त्यांना बाहेर बसवायचा विचार आहे.” तिला पाहताच त्यांनी फोन ठेवला होता.

बाहेर. हा शब्द तिच्या आईनेही ऐकला होता, आजीनेही ऐकला होता.

घरी धम्मदीपा, तिची लेक, शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“माय, तुले ट्रेनिंगले पाठवलं, कामावरून काढलं नाही.”

“गोड बोलून काढतेत. दाल मे काला हाय.”

“तुले तं डाळच काळी दिसते. आन् तो हात? रात्री उठून झटकत बसतं ते डॉक्टरले सांगतलं का?”

“हाताले काय झालं माह्या?” भागिरथा म्हणाली आणि उजवा हात पदराखाली घेतला. त्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं गेले काही महिने झोपेतल्या माणसासारखी वागत होती. हाक मारली तर ओ द्यायची, पण उशिराने.

वाशीमच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कारंजा, रिसोड, मालेगावकडच्या बायापोरी जमल्या होत्या. दारातच प्रत्येकीला एक पिशवी मिळाली. आत ब्रश, टूथपेस्ट आणि एक पेन. फुकट देतो तो काहीतरी नेतो, म्हणून भागिरथेनं पिशवी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिली. शिकवायला नागपूरहून आलेल्या बाई होत्या. वाफेच्या मशीनवरची पट्टी रंग कशी बदलते, घाबरलेल्या रुग्णाशी कसं बोलावं, असं पुष्कळ काही त्यांनी सांगितलं. मदतनीस म्हणून लागलेली बाई दवाखान्यात वर कशी चढू शकते, हेही सांगितलं. बाकीच्या बाया लिहून घेत होत्या. भागिरथा मात्र मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. खरं बोलणारा माणूस बोलताना कुठे बघतो, हे तिला माहीत होतं. मॅडम सरळ डोळ्यांत बघून बोलत होत्या. त्यामुळे ती आणखीच सावध झाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना उभं केलं. “वर्षानुवर्षं नळी धरून, मनगट वाकवून आपले हात जातात. आणि आपण कुणाला सांगत नाही. चला, उलटा नमस्कार करा. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावा, बोटं खाली. मी सांगेपर्यंत तसंच राहायचं.”

बाया हसल्या. भागिरथेनंही हात जोडले. थोड्याच वेळात उजव्या बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलं आणि कोपरापर्यंत चढलं. तिने ओठ मिटून घेतले. मग मॅडमनी प्रत्येकीला दोन बोटांत पेन धरायला सांगितलं. हॉलमध्ये एकच पेन खाली पडलं.

मॅडम जवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “मुंग्या येतात?”

“नाही.”

बोलून झाल्यावर भागिरथेला तो आवाज ओळखीचा वाटला. तोच सूर, तीच घाई. खर्रा खाता का? नाही. गोळी घेतली का? घेतली. ती जन्मभर ज्यांचे खिसे उलटे करत आली, त्यांच्याच बाकावर ती आज बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली. रडूही आलं, पण चारचौघींत रडणं तिला कधीच जमलं नव्हतं.

चहाच्या वेळी मॅडम तिला बाजूला घेऊन गेल्या. “तुमच्या डॉक्टरांचा मला फोन आला होता. म्हणाले, या बाईंचा हात खुर्चीजवळ राहिला तर कायमचा जाईल. त्या ते मान्य करणार नाहीत. मग दवाखान्यात असं कोणतं काम आहे, जे फक्त त्याच करू शकतील?”

भागिरथेनं कप खाली ठेवला. संशय खरा निघाला होता. डॉक्टर तिला खुर्चीपासून दूर करणार होते. फक्त तिने मनात जो चोर पकडला होता, तो तिथे नव्हता. चोर तिच्याच मनगटात बसलेला होता.

ट्रेनिंग संपल्यावर ती सकाळी दवाखान्यात गेली ती थेट डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

“मले सांगतलं काहून नाही?”

“विचारलं ना, बाई. तुमी म्हणले, नाही.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “पेशंटले तुमी खिसा उलटा कर म्हणता. मी तुमाले काय म्हणू? हात उलटा करा?”

“आन् म्हणून बाहेर बसवता? आमाले बाहेर बसायची सवय हाय म्हणून?”

डॉक्टरांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “मी बंजाऱ्याच्या तांड्यावरून आलेला माणूस हाव. बाहेर म्हणजे काय असते, ते मले बी माहीत हाय. पण सुताराकडून टेबल करून घेतलं, ते दारातच राहीन, बाई. पेशंट आधी तुमच्यापुढे येईन. काय खाऊन आला, काय लपवून राह्यला, कोणती गोळी चालू हाय, सगळं तुमी विचारसान. तुमी हो म्हटल्याबिगर कोणी आत येणार नाही. मी बी त्याले आत घेणार नाही.”

भागिरथेनं कोपऱ्यातल्या फिरत्या खुर्चीकडे पाहिलं. कुणीतरी तिच्यावरचं प्लास्टिक काढून ठेवलं होतं.

“एक दात,” ती म्हणाली. “गुलाबरावाची दाढ तेवढी धरते. शब्द देल्ला मी. मंग बसते.”

“आन् मधातच हात सुटला तं?”

भागिरथेनं उजवी मूठ मिटून उघडून पाहिली, बोटं उशिरानं उघडली. ती बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. खुर्ची आपोआप थोडी फिरली, तशी तिने पाय टेकवून ती थांबवली.

गुलाबराव सूज उतरवून आले. टेबलापुढे उभे राहून त्यांनी तिला वरून खाली पाहिलं. “हे काय जी? तुमी सायब झाल्या काय?”

“खिसा.”

“काही नाही, बाई. खरंच.”

“मोज्यात पाहू.”

पन्नी मोज्यात होती. तिने ती टेबलाच्या खणात टाकली. जेवण झालं का, गोळ्या पुऱ्या घेतल्या का, एकेक विचारून झालं. सकाळची गोळी घेतली नव्हती, ती तिने पाण्यासोबत समोर घ्यायला लावली. मग गुलाबराव आतल्या दाराकडे बघत हळूच म्हणाले, “तुमी येता ना आत?”

समीक्षा दारात उभी होती. हातमोजे घातलेले, आज गुणगुणत नव्हती. तिचे डोळे भागिरथेवर खिळलेले होते. आता ही काकू काय बोलते, यावर आजचाच नाही, पुढचाही प्रत्येक रुग्ण आपल्या हाती जबडा देईल की नाही ते ठरणार आहे, हे त्या पोरीला कळत होतं. भागिरथेलाही कळत होतं. एक वाकडा शब्द पुरे होता.

“नाही, भाऊ,” भागिरथा म्हणाली. “आता समीक्षा धरते. तिचा हात पक्का हाय. माह्यापेक्षा पक्का.”

काचेचं दार लागलं. आत खुर्ची मागे कलल्याचा आवाज आला, डॉक्टरांचं पुटपुटणं आलं, मग बराच वेळ काहीच आलं नाही. बाकावर एक बाई पोराला घेऊन वाट पाहत होती. भागिरथेचा उजवा हात टेबलावर तळवा वर करून पडला होता आणि बोटं थोडी मिटली होती, हनुवटी मावेल इतकी. लक्षात आल्यावर तिने तो हात खाली घेतला.

गुलाबराव बाहेर आले. तोंडात कापसाचा बोळा, डोक्यावरची टोपी तिरकी.

“दुखलं काय?” तिने विचारलं.

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

भागिरथेनं नेहमीप्रमाणे त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. डोळ्यांत पाणी आहे का, कपाळावर घाम आहे का, मुठी आवळलेल्या आहेत का. तिने पुष्कळ शोधलं. गुलाबराव खरं बोलत होते. त्यांना अजिबात दुखलं नव्हतं.

“तासभर थुकू नका. कुल्फी खा, गरम काही खाऊ नका,” ती म्हणाली. मग खुर्ची बाकाकडे वळवली. “या बाई, पोराले घेऊन या. काय खाऊन आला हा? खरं सांगा.”